येशाला सोडणारे फौजी

रजेच्या अर्जात खरं कारण लिहिणारा सरकारी नोकर मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या पाटबंधारे कचेरीत बाकीच्यांचे चुलते वारायचे, पोटं दुखायची, बायकोच्या माहेरी लग्नं निघायची. एका कारकुनाचा तर एकच चुलता तीन वेळा वारला. हे मात्र नकाशाच्या मथळ्याला वापरतात तसल्या ताठ अक्षरात लिहायचे, 'कारण : फुटबॉल सामना.' एकदा साहेबांनी 'योग्य ते कारण नमूद करावे' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. यांनी तोच अर्ज दुरुस्त करून धाडला. 'कारण : अत्यंत महत्त्वाचा फुटबॉल सामना.' रजा मंजूर झाली.

ते आमचे हेड ड्राफ्ट्समन. मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर. त्यांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून रेघ न् रेघ गिरवायची, एवढंच माझं काम. बहात्तरच्या दुष्काळानंतर कालव्यांची कामं जोरात निघाली होती. कवठे महांकाळसारख्या कोरड्या गावचा मी, पण सांगलीला विश्रामबागेत बसून दिवसभर पाण्याच्या निळ्या रेघा ओढायचो. ते म्हसवडकडचे. फौजेत इंजिनिअरांच्या पलटणीत नकाशे काढायला शिकले आणि तिथंच फुटबॉलच्या नादाला लागले. पेन्शन घेऊन आले, आमच्या खात्यात चिकटले. सगळे त्यांना फौजी म्हणत. मी तोंडावर साहेब म्हणायचो, पाठीमागं फौजीच.

आम्ही दोघं माणदेशी कोरड्या भागातले, म्हणून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सामना बघायला नेलं. मी कबड्डीवाला. बावीस माणसं एका चेंडूमागं कशाला पळतात हे मला कळायचं नाही. मैदान नदीकडच्या बाजूला होतं, दोन्ही कडेला माणसं दाटीनं उभी. मी आपला चेंडू जिकडं जाईल तिकडं मान फिरवत होतो. थोड्या वेळानं फौजींनी माझी हनुवटी धरून मान भलत्याच बाजूला वळवली.

"चेंडूकडं काय बगतुयास? त्यो सगळ्यांस्नीच दिसतोय. ज्येच्याकडं चेंडू न्हाई त्यो मानूस काय करतोय ते बग."

गोल झाला. मैदानभर टोप्या उडाल्या. फौजी हाताची घडी घालून भलतीकडंच बघत उभे होते. गोल कुणी मारला हे त्यांना माझ्याकडून कळलं. पण तो होण्याआधी आमचा कुठला गडी मुद्दाम बाजूला झाला आणि त्याच्यामागं समोरच्या टीमचा बॅक कसा फसून गेला, हे त्या हजारभर माणसांत फक्त त्यांनाच माहीत होतं.

सोमवारी कचेरीत आल्यावर पहिलं काम म्हणजे रविवारचा सामना कागदावर उतरवणं. बाद झालेल्या नकाशाची मागची कोरी बाजू घ्यायची, स्केलनं मैदान आखायचं, आणि बावीस माणसांच्या बावीस वाटा काढायच्या. आमची टीम तुटक रेघेनं, समोरची सलग रेघेनं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. मैदानाला उत्तर दिशा कशाला लागते असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की दुपारचं ऊन कुणाच्या डोळ्यांत येतंय ते कळायला नको का. असले कागद त्यांच्या टेबलाखाली गुंडाळ्या करून ठेवलेले असायचे. एकदा मुंबईहून आलेल्या मोठ्या इंजिनिअरांनी त्यातली एक गुंडाळी उलगडली आणि हा कुठल्या कालव्याचा वितरिका आराखडा, असं विचारलं. फौजी सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "सर, ह्यो आमचा मिरजेत दोन गोलनं पराभव."

कचेरीतल्या प्रत्येकाला त्यांनी जागा वाटून दिली होती. मोठे साहेब सेंटर हाफ, अकाउंटंट गोली, कारण त्याच्याकडून काही सुटायचं नाही. एक शिपाई कायम ऑफसाइड. मला ते राखीव म्हणायचे. पाच वर्षं राखीवच म्हणत राहिले.

विश्रामबागेत एका खोलीत एकटे राहायचे. बायको म्हसवडला, थोडी ज्वारी आणि शेरडं सांभाळून. पंधरा दिवसांनी एकदा गावी जायचे, त्यातही सामना आडवा आला की नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हणून गेलो होतो. काकूंनी ताटं वाढली. फौजींनी भाकरीचे अकरा तुकडे केले, कांद्याच्या फोडी समोर लावल्या आणि मला आदल्या रविवारची चूक समजावू लागले. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमी जेवा, बाळ. ह्येंचा सामना सपल्यावर ह्ये जेवत्यात."

येशा त्यांना सापडला तो मैदानावर नव्हे.

कवठे महांकाळच्या वरच्या अंगाला कालव्याची पाहणी चालली होती. नकाशाचा घोळ झाला म्हणून फौजी आणि मी जागेवर गेलो. जमिनीची उंची मोजायला एक चौदा फुटी आकडे रंगवलेली पट्टी असते. ती घेऊन या टोकाहून त्या टोकाला जाऊन उभं राहणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात खलाशी म्हणतात, समुद्राचा काही संबंध नसला तरी. त्या दिवशीचा खलाशी विशीतला, काळा, काटक होता. जोंधळ्याचं रान नांगरून टाकलेलं, माणसाच्या डोक्याएवढी ढेकळं. त्यातून हा ती पट्टी खांद्यावर घेऊन पळत होता आणि नजर समोर, दुर्बिणीवाल्याच्या हातवाऱ्यावर. फौजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"त्यो खाली बगत न्हाई," ते म्हणाले.

यशवंत त्याचं नाव, येशा म्हणायचे. त्याचे वडील छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. वडिलांनी महारकीची गावकामं सोडली ती सोडलीच, त्यामुळं गावात फारसं काही उरलं नव्हतं. येशा आमच्याकडं मस्टरवर, म्हणजे काम असेल तितके दिवस. पावसाळ्यात पाहणी बंद झाली की त्याचंही काम बंद. त्यानं फुटबॉल हातातही धरला नव्हता. फौजींनी त्याला सांगलीच्या सर्व्हे पार्टीत मागून घेतलं आणि संध्याकाळी घाटावरच्या तालमीत नेऊन उभं केलं.

ती तालीम म्हणजे आमची टीम. फौजी तिचे सेक्रेटरी. तिथं पहिले काही दिवस एक गोष्ट घडायची, तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. खेळ संपला की सगळे तालमीतल्या माठाचं पाणी प्यायचे आणि येशा बाहेर जाऊन रस्त्यावरच्या नळाला तोंड लावायचा. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी ये म्हणालंही नव्हतं. मीही नाही. आठवडाभर फौजींनी हे बघितलं आणि एका संध्याकाळी तेही उठून नळावर गेले. दुसऱ्या दिवशी अमीन टेलर गेला. तो टीमची बनियनं शिवायचा आणि फौजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मग गोली गेला. महिन्याभरात नळावर रांग लागायला लागली आणि माठातल्या पाण्याला शेवाळ धरलं. एका सकाळी कुणीतरी तो माठ फोडून नवा आणला आणि त्यातलं पाणी येशा सगळ्यांबरोबर प्यायला लागला.

दोन वर्षांत येशा डाव्या बाजूला असा काही खेळायला लागला की मिरजेची माणसं त्याला बघायला म्हणून सांगलीला यायची. घाटावर लोक घड्याळाऐवजी त्याच्यावर वेळ सांगायचे, येशाचा सराव संपला म्हणजे साडेसहा. मलासुद्धा वेड लागलं. चेंडू नसताना येशा काय करतोय हे मी बघायला शिकलो. आणि फौजी? त्यांच्या सोमवारच्या कागदावर एकवीस वाटा काळ्या शाईनं आणि येशाची तेवढी तांबड्या.

तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर कोल्हापूरहून एका गिरणीची माणसं आली. गिरणीची टीम होती आणि तिचा डावीकडचा खेळाडू जायबंदी झाला होता. येशाला कायमची नोकरी द्यायची त्यांची तयारी होती, राहायला चाळीत खोलीही. पण माणूस लगेच हवा होता. चालू हंगामात खेळाडूनं टीम बदलायची तर जुन्या टीमच्या सेक्रेटरीची ना हरकत लागायची, सही आणि शिक्क्यासकट. महिनाअखेर कागद आला नाही तर गिरणी दुसरा कुणी बघणार होती.

ही बातमी फुटली आणि घाट दुभंगला. अमीनच्या दुकानात कपडे शिवायला टाकलेली माणसं कपडे विसरून भांडू लागली. निम्मे म्हणायचे, उपान्त्य सामना तोंडावर आलाय आणि हा गेला तर वर्ष वाया. बाकीचे म्हणायचे, फुकट कशाला सोडायचा, गिरणीकडं दोन चांगले गडी आहेत, एक बॅक आणि एक हाफ, ते बदल्यात मागा. शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेला एक मास्तर म्हणाला की एकाला दोन म्हणजे सौदा चांगला आहे. त्यावर अमीननं विचारलं की मास्तर, हा खरसुंडीचा बैलबाजार आहे का, आधी दात बघा मग. पण अमीनलाही येशा जायला नको होता. तो म्हणायचा, ज्याच्या मापाचं बनियन मी न मोजता शिवतो त्याला मी कुठं जाऊ देऊ.

एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. शिक्का फौजींच्या खिशात आहे आणि फौजींचा येशावर जीव आहे. म्हणजे येशा जात नाही.

रविवारी सकाळी तालमीत बैठक भरली. पन्नास-साठ माणसं असतील. तात्या आले होते, नदीकाठचे ऊसवाले, तालमीचे अध्यक्ष. येशा दाराशी उकिडवा बसला होता. बराच वेळ आधीचंच सगळं उगाळून झालं. मग तात्या बोलायला उठले. मनानं माणूस वाईट नव्हता. त्यांनी सांगितलं की येशाला आपण आपल्या ऊसतोडीवर मुकादम करतो, त्याला इथं काही कमी पडणार नाही. आणि जाता जाता म्हणाले, "आपल्या तालमीचं पानी प्यालाय त्यो. आसा कसा जाईल?"

अमीन खालमानेनं सुईत दोरा ओवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पयल्यांदा नळाचं प्यालाय, तात्या."

तात्या खाली बसले. मग कुणीतरी म्हणालं, हात वर करा. येशा राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी. सगळे हात वर गेले. माझाही गेला. फौजींच्या डोळ्यांदेखत गेला. मला खरंच तो राहावा असं वाटत होतं, आणि का वाटत होतं ते आज नीट सांगता येतं. माझ्या रविवारासाठी.

येशा उठला आणि म्हणाला, "मला जायाचंच न्हाई. मी हितंच बरा हाय."

मोठा गलका झाला. माणसं उठून त्याच्या पाठीवर थापा मारू लागली. फौजी आपल्या जागेवर उभे होते. गलका थांबेपर्यंत थांबले.

"येशा," ते म्हणाले, "पावसाळ्यात पार्टी बंद झाली की काय करतोस?"

"गावाकडं जातो."

"गावाकडं काय हाय?"

फौजींनी सदऱ्याच्या खिशातून तपकिरीची डबी काढली. शिक्का ते तिच्यात ठेवायचे. खिडकीच्या कट्ट्यावर गिरणीचा कागद पसरला, टाक झाडला, सही केली आणि शिक्का मारला. तो आवाज मला अजून आठवतो.

सगळ्यांत आधी मास्तर भानावर आला. मग ते दोन गडी तरी बदल्यात मागून घ्या, असं त्यानं घाईघाईनं सुचवलं. फौजी म्हणाले, "बदल्यात कायबी नगं. घेतलं तर त्येला जलमभर वाटंल, आपल्याला इकला."

कागद त्यांनी येशापुढं धरला. येशानं तो घेतला. त्याचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. हळूच म्हणाला, "मी तुमाला जड झालो व्हय?"

फौजी डबीचं झाकण लावत राहिले. येशा त्यांच्या पाया न पडता गेला. रोज पडायचा.

पुढच्याच रविवारी तालमीनं नवा सेक्रेटरी निवडला. फौजींनी डबीतला शिक्का काढून दिला आणि डबीत तपकीर भरून आणली. उपान्त्य सामना आम्ही हरलो, तोही वाईट हरलो. त्यानंतर घाटावर त्यांच्याशी कुणी बोलेना. चहाच्या टपरीवर ते आले की बाकड्यावरची माणसं एकेक करून उठायची. फौजी रिकाम्या बाकड्यावर बसून चहा प्यायचे, कप विसळून ठेवायचे आणि सरावाला पलीकडच्या कडेला जाऊन उभे राहायचे. एक दिवस चुकवला नाही. मी त्यांच्याशेजारी उभा राहायचो, पण तेही भीतभीत, मध्ये चार हात अंतर ठेवून. मी त्यांना एकदा म्हणालो की येशाला निदान समजावून तरी सांगायचं होतं. ते म्हणाले की समजावलं असतं तर तो राहिला असता.

येशा वर्षभरानं सांगलीला आला, तो गिरणीच्या टीमकडून खेळायला. मैदानावर पाय ठेवल्यापासून लोकांनी त्याला शिव्यांनी झोडपलं. ज्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या होत्या त्यांचेच आवाज मोठे होते. येशानं दोन गोल मारले. दुसरा मारल्यावर तो आपल्या माणसांकडं न जाता थेट कडेला पळत आला, फौजींच्या समोर थांबला आणि छाती वरखाली होत असताना नुसता बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ते बघणं होतं. मग वळून निघून गेला.

मी फौजींकडं बघायचं टाळलं. थोड्या वेळानं त्यांनीच माझ्या दंडाला हात लावला.

"बगितलास न्हवं? डावीकडनं आत यायला शिकला. ह्ये मी शिकवलं न्हवतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर सगळ्या मुलखाचं कौतुक.

पुढच्या हंगामात, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या सामन्यात, येशाचा गुडघा फिरला. अमीनला ते कोल्हापूरच्या कापडवाल्याकडून कळलं. फौजींनी त्याच सकाळी रजेचा अर्ज लिहिला. या वेळी कारण काय लिहिलं असेल म्हणून मी डोकावलो. नुसतं 'येशा' लिहिलं होतं. साहेबांनी काही न विचारता सही केली आणि मलाही सोडलं.

सरकारी दवाखान्यात दुपारची वेळ. येशा खाटेवर, उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. पायथ्याशी त्याची नवी बायको बसली होती. आम्हाला बघून ती उठली, येशानं मान भिंतीकडं केली. फौजी स्टुलावर बसले. मी उभा. त्याची बायकोच बोलत होती, माझ्याशी. डॉक्टर म्हणालेत चालेल, पण खेळता यायचं नाही. काल गिरणीतून टाइमकीपर येऊन गेला. बरा झाला की खात्यातून काढून स्टोअरला बसवतो म्हणाला, बसून करायचं काम. नोकरी कायम आहे, तिला काही होत नाही.

फौजींनी खाली वाकून आपल्या विजारीचा पाय वर दुमडायला सुरुवात केली. मला वाटलं काही चावलं. गुडघ्याच्या वर, आडवा, दोरीसारखा फुगलेला व्रण होता. पाच वर्षं त्यांच्याशेजारी बसून मला ठाऊक नव्हतं. ते येशाच्या पाठीला सांगू लागले. फौजेत असताना त्यांना वरच्या मोठ्या टीमनं बोलावलं होतं. त्या टीममधली माणसं खेळूनच बढतीला चढायची. पलटणीचे सुभेदार म्हणाले की आपल्या माणसांना सोडून जातोस काय, आणि सगळ्या बराकीनं खांद्यावर घेतलं. ते राहिले. पुढच्या महिन्यात आपल्याच पलटणीच्या सामन्यात गुडघा गेला. खांद्यावर घेणारे आठ दिवस भेटायला आले.

"आठ दिस आले," फौजी म्हणाले. "वाईट न्हवते. त्येंच्याबी मागं ड्यूटी हुती."

येशा भिंतीकडंच तोंड करून म्हणाला, "म्हंजी माजं आसं हुनार, तुमाला म्हाईत हुतं?"

"न्हाई रं. मला फकस्त माजा गुडघा म्हाईत हुता."

येशानं मान वळवली. तो रडत होता. मला त्यांच्या मध्ये उभं राहायला नको वाटलं, म्हणून चहा आणतो सांगून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा येशा खाटेवर उशीला टेकून बसला होता. फौजींनी चादरीवर औषधाच्या बाटल्या आणि गोळ्यांच्या पुड्या मांडल्या होत्या आणि दोघांचं जोरात वाजलं होतं, ज्या सामन्यात गुडघा गेला त्यात त्या क्षणी गिरणीचा सेंटर फॉरवर्ड कुठं उभा होता यावरून.

सांगलीला आल्यावर मी घाटावर हे सगळं सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण मी हात वर केलेला माणूस, मला ते कुठंतरी ठेवायचं होतं. अमीननं मशीन थांबवून ऐकलं. टपरीवरची माणसं ऐकून उठून गेली. माफी वगैरे कुणी मागितली नाही, तशी पद्धत आमच्याकडं नाही. दुसऱ्या दिवशी फौजी बाकड्यावर बसले तेव्हा तात्या समोरून आले आणि शेजारी बसले. म्हणाले, यंदा पाऊस कमी दिसतोय. फौजी म्हणाले, व्हय. एवढंच झालं. पण बाकडं त्यानंतर रिकामं झालं नाही.

त्या वर्षअखेरीस फौजी आमच्या खात्यातून निवृत्त झाले. खोली सोडली, सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी. सकाळच्या म्हसवड गाडीनं जाणार होते. मी ट्रंक घेऊन स्टँडवर गेलो तर तिथं अमीन, मास्तर, तात्या आणि टीममधली सात-आठ माणसं आधीच आली होती. येशा बायकोला घेऊन कोल्हापूरहून आला होता, किंचित लंगडत. अमीननं टीमचं बनियन शिवून आणलं होतं. ते फौजींनी सदऱ्यावरूनच चढवून बघितलं. ट्रंक आणि वळकटी टपावर चढली. पाया पडून झालं. येशाच्या बायकोनं डोळे पुसले. तात्यांनी नारळ दिला. गाडी सुटायला थोडा वेळ होता.

तेवढ्या वेळात मास्तरांना राहवलं नाही. आपल्या नव्या गोलीला एका साखर कारखान्यानं मागणी घातली आहे, द्यावा का, असं त्यांनी फौजींना विचारलं. फौजींच्या आधी येशाच मध्ये पडला. तो म्हणाला की गोली द्यायचा नाही, गोली गेला तर टीम संपली. फौजींनी नारळ माझ्या हातात दिला आणि येशाला विचारलं की तू हे बोलतोस? येशा म्हणाला, व्हय, मी बोलतो. मग अमीन येशाच्या बाजूनं बोलला, तात्या फौजींच्या. गोली रिकामा असताना काय करतो यावर एक फाटा फुटला. कारखान्याची नोकरी कायम की हंगामी यावर दुसरा. कंडक्टरनं घंटी मारली, मी ओरडलो, कुणाला ऐकू गेलं नाही. गाडी वळून स्टँडच्या बाहेर पडली तेव्हा फौजींचं लक्ष गेलं.

मी म्हणालो, "साहेब, ट्रंक गेली."

"जाऊ दे. तिला गाव म्हाईत हाय," ते म्हणाले आणि पुन्हा येशाकडं वळले.

पुढं कधीतरी काकूंनी मला त्यांच्या बाजूचं सांगितलं. दुपारी त्या म्हसवडच्या स्टँडवर न्यायला उभ्या होत्या, गाडी आली, कंडक्टरनं टपावरनं ट्रंक खाली दिली, वळकटी दिली आणि बिचाऱ्यानं घाबरून विचारलं की बाई, ह्यांचा माणूस कुठं आहे, वाटेत कुठं उतरला तर नाही. काकू ट्रंकेवर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "मानूस येतंय मागनं. कुनाचं तरी भलं चाललं आसंल."